ठोके सुधारले, माणसे गेली : ‘कास्ट’ चाचणीचे प्रकरण

१९८० च्या दशकात हार्ट अटॅकमधून वाचलेल्या माणसाच्या होल्टर रिपोर्टमध्ये, म्हणजे चोवीस तासांच्या ठोक्यांच्या नोंदीत, अवेळी ठोके दिसले, की अमेरिकेतले अनेक हृदयरोगतज्ज्ञ ते दाबणारी गोळी लिहून देत. त्यात लपवाछपवी नव्हती, हलगर्जीपणाही नव्हता. उलट, असे ठोके दिसत असताना गोळी न देणारा डॉक्टरच निष्काळजी ठरायचा. ही गोळी माणसाला मारते, हे १९८९ च्या एप्रिलमध्ये कळले, आणि कळले ते केवळ काही लोकांनी ‘आधी तपासून तर बघू’ असा हट्ट धरला म्हणून. त्या तपासणीचे नाव ‘कार्डियाक अऱ्हिदमिया सप्रेशन ट्रायल’, म्हणजेच ‘कास्ट’. हृदयविकाराच्या संशोधनात इतके शिकवून जाणारे दुसरे प्रकरण मला तरी माहीत नाही.

विश्वास कशावर बसला होता

आपल्याकडच्या रिपोर्टात ज्याला ‘व्हीपीसी’ म्हणतात, तो हृदयाच्या खालच्या कप्प्यातून, आपली पाळी यायच्या आधीच निघालेला ठोका. पेशंट सांगतो, ‘मध्येच ठोका चुकल्यासारखा वाटतो’ किंवा ‘छातीत धस्स होतं’. धडधाकट माणसांतही हे होते आणि बहुतेक वेळा त्यातून काही बिघडत नाही. हार्ट अटॅकनंतरची गोष्ट मात्र वेगळी. न्यूयॉर्कमध्ये अटॅक येऊन गेलेल्या १७३९ पुरुषांवर केलेला अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात हे ठोके गुंतागुंतीच्या स्वरूपात दिसले, म्हणजे जोडीने, ओळीने किंवा वेगवेगळ्या ठिकाणांहून निघणारे, त्यांना अचानक मृत्यूचा धोका जवळजवळ तिपटीने जास्त होता. त्याआधी, १९६० च्या दशकात, कार्डियाक केअर युनिट सुरू झाली तेव्हापासूनच डॉक्टर मॉनिटरवर बघत आले होते, की जीवघेण्या फिब्रिलेशनच्या, म्हणजे हृदय न आकसता नुसते थरथरत राहण्याच्या, आधी कधीकधी असे चुकार ठोके दिसतात. हृदयरोगतज्ज्ञ बर्नार्ड लाऊन यांनी तर त्यांच्या श्रेणीच ठरवून दिल्या होत्या.

ठोके जास्त तिथे मृत्यू जास्त, गोळीने ठोके कमी होतात, तेव्हा गोळीने मृत्यूही कमी होतील. पहिल्या दोन विधानांना पुरावा होता. तिसऱ्याला काहीच नव्हता, पण ते इतके सरळ वाटे की पुरावा मागायचे कुणाच्या मनातही येत नसे.

या विश्वासाला बळ दिले ते होल्टर यंत्राने. मोंटानातल्या नॉर्मन होल्टर यांनी सुरुवातीला बनवलेले यंत्र पाठीवर घ्यायचे असे आणि त्याचे वजन ३८ किलोंच्या आसपास होते. १९८० पर्यंत ते कमरेच्या पट्ट्याला लटकवायच्या कॅसेट रेकॉर्डरएवढे झाले होते. छातीला चिकटपट्ट्या आणि वायरी लावायच्या, यंत्र चोवीस तास वागवायचे, कधी काय केले ते एका कार्डावर लिहायचे. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ ती टेप भरभर पळवून ठोके मोजतो आणि तासागणिक आकड्यांचा तक्ता हाती येतो. गोळी द्यायची, पुन्हा होल्टर लावायचा. आकडा खाली आलेला दिसतो. डॉक्टर खूश, पेशंट निर्धास्त. वैद्यकात इतके ताबडतोब आणि इतके स्पष्ट यश फार थोड्या ठिकाणी दिसते, आणि मला वाटते सगळी मेख तिथेच होती.

याच काळात दोन नवी, जोरकस औषधे बाजारात आली. फ्लेकेनाइडला अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेची, मंजुरी १९८५ मध्ये मिळाली, एन्केनाइडला १९८६ च्या अखेरीस. ती ठोके झकास दाबत, आणि मंजुरीही त्याच मोजमापावर मिळालेली होती.

तपासणी

अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुफ्फुस व रक्त संस्थेने आधी एक पूर्वचाचणी केली. अटॅक येऊन गेलेल्या ५०२ जणांत कोणते औषध ठोके किती दाबते, एवढाच प्रश्न होता. निकाल असा : फ्लेकेनाइड ८३ टक्के पेशंटांत यशस्वी, एन्केनाइड ७९, मोरिसिझिन ६६, इमिप्रॅमिन ५२. आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, ३७ टक्के.

हा शेवटचा आकडा जरा थांबून बघण्यासारखा आहे. काहीही न देता तीनातल्या एकाहून अधिक पेशंटांचे ठोके ‘दबले’. कारण हे ठोके मुळातच लहरी असतात, आज भरपूर, उद्या थोडे. ते भरपूर असलेल्या दिवशी पेशंट निवडला, तर पुढच्या मोजणीत आकडा आपोआप उतरण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे दवाखान्यात जे श्रेय गोळीला मिळत होते, त्यातला बराच भाग नुसत्या चढउताराचा होता. हे तेव्हाच डोळ्यांत भरायला हवे होते.

मुख्य चाचणी १९८७ च्या जूनमध्ये सुरू झाली. अमेरिका, कॅनडा आणि स्वीडनमधली केंद्रे, एकूण सुमारे ४४०० पेशंट घ्यायचा बेत. अटॅकला सहा दिवस ते दोन वर्षे झालेली, होल्टरवर तासाला निदान सहा अवेळी ठोके, आणि हृदयाची पंपाची ताकद थोडीफार कमी झालेली, अशी माणसे. रचनेत एक खुबी होती. आधी प्रत्येकाला खरे औषध (एन्केनाइड, फ्लेकेनाइड किंवा मोरिसिझिन) देऊन बघायचे. ज्याचे ठोके किमान ८० टक्क्यांनी उतरले त्यालाच पुढे घ्यायचे, आणि मग रँडम पद्धतीने अर्ध्यांना तेच औषध चालू ठेवायचे, अर्ध्यांना प्लासिबो. थोडक्यात, औषधाला जिंकायची पुरेपूर संधी दिलेली. ज्यांच्यावर ते लागू पडते हे आधीच सिद्ध झाले होते, अशाच लोकांत त्याची परीक्षा.

तरीही विरोध झालाच. औषध लागू पडते हे ठाऊक असताना निम्म्यांना नकली गोळी देणे अनैतिक आहे, असे कित्येक डॉक्टरांचे प्रामाणिक मत होते, आणि आपले पेशंट चाचणीत पाठवायला ते तयार नव्हते. आज तो आक्षेप वाचताना हसू येत नाही. १९८७ मध्ये त्यांच्या जागी असतो तर आपण काय केले असते, हे छातीठोकपणे सांगणे अवघड आहे.

आखणी करणारेही त्याच हवेत वाढलेले. मूळ आराखड्यातली सांख्यिकी एकतर्फी होती. औषधाचा फायदा होतो की होत नाही, एवढेच तपासायचे. ते घात करील ही शक्यता गंभीरपणे धरलेलीच नव्हती. पेशंटांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने आकडे बघण्याआधीच हा निकष कडक करायला लावला, आणि हानीच्या बाजूलाही एक सीमारेषा आखायला सांगितली. कागदावरची ही छोटी दुरुस्ती पुढे फार मोलाची ठरली.

एप्रिल १९८९

समितीने पहिल्यांदा आकडे पाहिले ते १९८८ च्या सप्टेंबरमध्ये. गटांची नावे झाकलेली होती. एका गटात मृत्यू दुसऱ्यापेक्षा बरेच जास्त दिसत होते, पण एकूण संख्या अजून लहान होती. कोणता गट औषधाचा, हे तूर्त उघडायचे नाही असे समितीने ठरवले. पूर्वग्रह शिरू नये, हा त्यामागचा हेतू. मला हा निर्णय पटत नाही. जास्त मृत्यू प्लासिबोच्या गटात असते, तर थोडे थांबून खात्री करणे शहाणपणाचे होते. ते औषधाच्या गटात असतील, तर थांबण्याची किंमत अगदी वेगळी. म्हणजे बाजू कळल्याशिवाय नीट निर्णय घेताच येत नव्हता. पुढच्या काळात, देखरेख समितीने तरी डोळ्यांवर पट्टी बांधू नये असे मत संशोधकांत बळावत गेले, ते उगाच नाही.

१९८९ च्या एप्रिलच्या मध्यावर समिती पुन्हा बसली. तोवर फरक सीमारेषा ओलांडून गेला होता. गट उघडले गेले. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ताबडतोब थांबवण्याची शिफारस झाली, केंद्रांना कळवले गेले, आणि चालू औषध बंद करण्यासाठी पेशंटांना बोलावणी गेली.

ऑगस्टमध्ये छापून आलेल्या पहिल्या अहवालात औषध घेणाऱ्या ७३० जणांपैकी ५६ दगावले होते, प्लासिबोच्या ७२५ पैकी २२. ताल बिघडून झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडल्याच्या घटना औषधाकडे ३३, प्लासिबोकडे ९. ज्या मृत्यूपासून वाचवायचे, नेमका तोच वाढलेला. १९९१ च्या अंतिम हिशेबात, सरासरी दहा महिन्यांत, औषधाच्या ७५५ पैकी ६३ आणि प्लासिबोच्या ७४३ पैकी २६ मृत्यू. शेकडा ८.३ विरुद्ध ३.५.

दवाखान्यात का दिसले नाही

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर.

अशा प्रकारचे वीस पेशंट असलेला एक डॉक्टर घ्या. चाचणीतले प्रमाण लावले, तर गोळी न देता दहा महिन्यांत त्यातला एखादा जाईल, किंवा कोणीच जाणार नाही. गोळी दिली तर एक किंवा दोन जातील. एवढाच फरक. वीस जणांमागे एक जादा मृत्यू, आणि तोही अशा माणसाचा, ज्याला आधीच मोठा अटॅक येऊन गेलेला आहे. घरचे म्हणतात, ‘हार्ट पेशंटच होते हो.’ डॉक्टर म्हणतो, शेवटी आजाराने गाठलेच. त्याच वेळी उरलेले अठरा-एकोणीस जण रिपोर्ट दाखवायला येतात, आकडे सुंदर असतात, आभार मानून जातात. गोळीने गेलेला माणूस आणि रोगाने गेलेला माणूस अगदी एकसारखे जातात. पुरळ नाही, कावीळ नाही, आधी कसली कुणकुण नाही. पोस्टमॉर्टेममध्येही वेगळे काही सापडणार नाही.

त्यामुळे ‘माझा वीस वर्षांचा अनुभव सांगतो’ हे वाक्य इथे पांगळे पडते. अनुभव खोटा नव्हता. तो अनुभव जिथे उभा होता, तिथून ही गोष्ट दिसूच शकत नव्हती. ती दिसायला गोळी न घेणाऱ्या, पण बाकी सगळ्या बाबतींत तशाच माणसांचा एक गट बाजूला असावा लागतो, आणि दोन्हीकडची प्रेते मोजायला कोणीतरी बसावे लागते.

औषध उलटले कसे

ही दोन्ही औषधे हृदयाच्या पेशींमधल्या सोडियमच्या वाहिन्या रोखतात, त्यामुळे विद्युतलहरीचा वेग मंदावतो. निरोगी स्नायूत ती सगळीकडे सारखी मंदावते, तिथे फारसे बिघडत नाही. अटॅक येऊन गेलेल्या हृदयात मात्र मेलेल्या व्रणाच्या मधूनमधून जिवंत स्नायूच्या अरुंद पट्ट्या राहिलेल्या असतात. एरवी लहर त्यांतून वेळेत पार होते किंवा वाटेतच विझते. औषधाने ती रांगत जाऊ लागली, की पट्टीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत आजूबाजूचा स्नायू पुन्हा उत्तेजित व्हायला तयार झालेला असतो. मग लहर मागे वळते आणि व्रणाभोवती गरगर फिरत राहते. तिथून व्हेन्ट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे खालच्या कप्प्यांचे भरधाव ठोके, आणि मग फिब्रिलेशन.

शिवाय या औषधांची पकड ठोक्यांचा वेग वाढेल तशी घट्ट होते. जिना चढताना ठोके वाढले, त्यात स्नायूला रक्त कमी पडले, की औषधाचा परिणाम नेमका त्याच क्षणी सर्वांत जास्त. उलट अवेळी ठोका निघतो त्या जागेला ते शांत ठेवते, म्हणून होल्टरचा तक्ता निर्मळ दिसतो. ठिणग्या कमी झाल्या होत्या, पण गवत पार वाळवून ठेवले होते.

आणि ते अवेळी ठोके? ते बहुधा मृत्यूचे कारण नव्हतेच, खराब झालेल्या स्नायूची खूण होते. याचा इशारा आधीच मिळालेला होता. १९८१ मध्ये प्रोप्रॅनोलॉल या बीटा-ब्लॉकरची मोठी चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली होती, पण उलट कारणाने : फायदा स्पष्ट होता. ३८३७ पेशंटांच्या त्या चाचणीत प्लासिबोकडे ९.८ टक्के मृत्यू, औषधाकडे ७.२. बीटा-ब्लॉकर अवेळी ठोके काही फारसे दाबत नाहीत, पण माणसे वाचवतात. म्हणजे तक्त्यात ज्याचा प्रताप दिसेना ते औषध जगवत होते. दोन्ही माहिती शेजारी शेजारी ठेवून कोणी बघितले असते तर?

कपाटात राहिलेला अभ्यास

याहून बोचरी गोष्ट इंग्लंडमधली. १९८० मध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी लॉर्केनाइड या त्याच घराण्यातल्या औषधाची ९५ पेशंटांत छोटी चाचणी केली होती. अवेळी ठोके छान दबले. पण औषधाच्या गटात नऊ मृत्यू झाले, प्लासिबोच्या गटात एक. संशोधकांना तो योगायोग वाटला. पुढे व्यावसायिक कारणांनी ते औषध बाजारात आणायचेच रद्द झाले आणि अभ्यास छापायचा राहून गेला. तो अखेर १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आपला अभ्यास हे अप्रकाशित निकालांमुळे होणाऱ्या घाताचे उदाहरण आहे, असे लेखकांनी स्वतःच त्यात मांडले. मधल्या तेरा वर्षांत काय होऊन गेले ते वर आलेच आहे.

इथे कोणी लबाडी केली नव्हती. एका रद्द झालेल्या औषधाचा छोटा अभ्यास कोण छापणार, एवढाच व्यवहारी विचार. चाचणी सुरू होण्याआधीच तिची जाहीर नोंद व्हावी, हा आग्रह जगभर पुढे आला त्यामागे अशीच प्रकरणे आहेत. भारतात औषधांच्या चाचण्यांची ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद जून २००९ पासून सक्तीची झाली. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत एखाद्या पेशंटला चाचणीत सहभागी व्हायचे विचारले जाते, तेव्हा नातेवाइकांना ती नोंद इंटरनेटवर पाहता येते. संमतिपत्रावर सही करण्याआधी ती जरूर पाहावी.

उरलेले तिसरे औषध

कास्टमधले तिसरे औषध मोरिसिझिन, मूळचे सोव्हिएत रशियातले. १९८९ मध्ये त्याच्याविरुद्ध पुरावा नव्हता, म्हणून ‘कास्ट-२’ या नावाने त्याची चाचणी चालू राहिली. या खेपेला संशोधकांनी पहिल्या चाचणीतले एक छिद्र बुजवले. ‘आधी सर्वांना औषध देऊन बघायचे’ या टप्प्यात कोणी दगावले तर ते औषधाने की रोगाने, हे पहिल्या वेळी कळायला मार्गच नव्हता, कारण तिथे प्लासिबोचा गट नव्हता. आता त्या पहिल्या दोन आठवड्यांतही तो ठेवला.

आणि घात तिथेच सापडला. पहिल्या चौदा दिवसांत औषधाच्या ६६५ पैकी १७ जण दगावले किंवा त्यांचे हृदय बंद पडले, प्लासिबोच्या ६६० पैकी ३. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हीही चाचणी थांबली. पहिल्या चाचणीच्या त्या सुरुवातीच्या टप्प्यात औषधानेच किती गेले असतील, याचा हिशेब आता कधीच लागणार नाही.

नंतर

एन्केनाइड १९९१ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेले. दुसऱ्या घराण्यातल्या औषधांनी तरी काम होईल, ही आशा काही वर्षे टिकली. १९९६ मध्ये डी-सोटालॉलच्या चाचणीत औषधाकडे ५ टक्के मृत्यू आणि प्लासिबोकडे ३.१ टक्के, असा निकाल आला आणि तीही मावळली. अटॅकनंतरच्या अचानक मृत्यूवर उपाय निघाला तो वेगळ्याच दिशेने. छातीत बसवायचे आयसीडी यंत्र अवेळी ठोक्यांच्या वाटेलाच जात नाही, फिब्रिलेशन सुरू झाले की शॉक देऊन ते मोडते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पंपाची ताकद ३० टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या १२३२ पेशंटांत, मृत्यू १९.८ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. या वेळी मोजले ते मृत्यू, ठोके नव्हे.

तरीही जुनी खोड पूर्ण गेली असे म्हणवत नाही. ‘चांगले’ कोलेस्टेरॉल वाढवणारे टॉर्सेट्रापिब २००६ च्या डिसेंबरमध्ये असेच कोसळले. एचडीएल, म्हणजे हे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, ७२ टक्क्यांनी वाढले, ‘वाईट’ एलडीएल २५ टक्क्यांनी उतरले, लॅबचा कागद बघून कोणीही पाठ थोपटावी. पंधरा हजारांवर पेशंटांच्या त्या चाचणीत औषधाकडे ९३ मृत्यू झाले आणि दुसरीकडे ५९.

फ्लेकेनाइड मात्र आजही आहे, आपल्याकडेही मिळते, आणि ते घेणाऱ्या कोणी हा लेख वाचून गोळी परस्पर बंद करू नये. ज्याच्या हृदयाच्या रचनेत दोष नाही, ज्याला अटॅक आलेला नाही, अशा माणसाच्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या थरथरीत) किंवा वरच्या कप्प्यातून उठणाऱ्या जलद तालात ते चांगले काम करते. कास्टमध्ये ज्यांना ते दिले गेले ती हृदये वेगळी होती. म्हणून जाणता डॉक्टर हे औषध लिहिण्याआधी इको करून घेतो, पूर्वी अटॅक येऊन गेला होता का ते खोदून विचारतो, आणि शंका आली तर रक्तवाहिन्यांची तपासणीही सांगतो. नुसते धडधडते म्हणून तपासायला गेलो आणि डॉक्टरांनी एवढ्या टेस्ट सांगितल्या, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. या एका गोळीपुरती तरी ती तक्रार गैरलागू आहे.